तळ्याकाठचा मुक्काम: उंचावरच्या जंगलातल्या एका कॅम्पिंगच्या आखणीचा प्रकरण अभ्यास

पाच जणांच्या एका गटाने उंचावरच्या सूचिपर्णी जंगलातल्या कॅम्पिंगचा आराखडा माझ्याकडे तपासायला दिला होता. तपासून झाला तेव्हा चालायची वाट तीच राहिली, पण तंबू लावायच्या जागा सगळ्या बदलल्या. कॅम्पिंग ठरवताना बहुतेक जण दिवस मोजतात: पहिल्या दिवशी किती किलोमीटर, दुसऱ्या दिवशी कुठवर. उंचावर मात्र तब्येत, थंडी आणि सुटकेची वाट या तिन्ही गोष्टी रात्री कुठे झोपलात यावर ठरतात. म्हणून मी आराखडा आधी रात्रींचा करायला सांगतो आणि दिवस त्यात नंतर बसवतो. या गटाच्या बाबतीत ते कसं केलं, कुठे वाद झाला आणि शेवटी काय झालं, ते इथे सविस्तर मांडतो.

परिस्थिती

गटातल्या सगळ्यात लहान मुलीचं वय २४, सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थांचं ५८. पाचही जण समुद्रसपाटीजवळ राहणारे, चालण्याची सवय असलेले. एकीचा पूर्वेतिहास महत्त्वाचा होता: काही वर्षांपूर्वी गाडीने तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर तिला जोरदार डोकेदुखी आणि उलट्या झाल्या होत्या. ही माहिती आराखड्यात नव्हती. प्रत्येकाला आधीच्या उंचीच्या अनुभवाबद्दल वेगवेगळं विचारलं तेव्हा ती कळली. ‘गाडी लागली होती’ अशी तिची स्वतःची समजूत होती.

गाडीरस्ता २,१०० मीटरवरच्या वस्तीत संपतो. तिथून पायवाट ओढ्याच्या कडेने जंगलात शिरते. २,६५० मीटरवर झाडीत एक मोकळी जागा आहे, ३,१०० मीटरवर डोंगराच्या सोंडेवर एक सपाटी आहे आणि ३,२५० मीटरवर ओढ्याकाठचं रुंद गवताळ कुरण. तिथून पुढे झाडं खुजी आणि विरळ होत जातात. ती संपतात तिथे ३,७६० मीटरची एक दगडी कड आडवी येते. ती ओलांडून पलीकडे उतरलं की ३,६५० मीटरवर, चारही बाजूंनी उंच कडा असलेल्या वाडग्यासारख्या खोलगटात तळं आहे.

मूळ बेत असा होता: पहिली रात्र वस्तीत, दुसरी कुरणात, तिसरी तळ्याकाठी, चौथ्या दिवशी थेट खाली. हंगाम उन्हाळ्याच्या शेवटचा. वनखात्याची परवानगी, सामानाची यादी, सॅकचं वजन हे सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. आराखडा निष्काळजीपणे केलेला नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो.

झाडं दिसतात, उंची दिसत नाही

पहिला आकडा पाहिला तो झोपण्याच्या उंचीतल्या फरकाचा. २,१०० वरून दुसऱ्याच रात्री ३,२५०, म्हणजे ११५० मीटरची उडी. तिसऱ्या रात्री आणखी ४००. पर्वतीय वैद्यकात सर्वसाधारणपणे पाळला जाणारा नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा त्याहून थोडं वर जाऊन आलात तरी चालतं. शरीर हिशेब ठेवतं तो झोपेच्या जागेचा, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला ऑक्सिजन आणखी खाली जातो.

गटप्रमुखाची पहिली प्रतिक्रिया होती, ‘‘पण आम्ही तर जंगलातच असणार आहोत, बर्फात नाही.’’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. उंचीचा त्रास म्हटलं की डोळ्यांसमोर उघडे हिमाच्छादित उतार येतात. गर्द झाडी, ओढ्याचा आवाज, पायाखाली मऊ पाचोळा असेल तर आपण ‘वर’ आहोत असं वाटतच नाही. पण झाडं कुठे संपतात हे मुख्यतः वाढीच्या हंगामातल्या तापमानावर ठरतं. तो हंगाम सरासरी साधारण ६ अंश सेल्सिअसपेक्षा थंड झाला की उंच झाडं उभी राहत नाहीत. आल्प्समध्ये ही रेषा बहुतेक ठिकाणी २,००० ते २,३०० मीटरच्या आसपास येते. हिमालयात अनेक भागांत झाडं ३,६०० ते ४,००० मीटरपर्यंत जातात आणि बोलिव्हियातल्या साहामा ज्वालामुखीच्या उतारांवर पॉलिलेपिसची झाडं ५,००० मीटरच्याही वर वाढतात. म्हणजे एका पर्वतरांगेत झाडं आहेत तिथे हवा भरपूर असते, तर दुसऱ्या रांगेत तितक्याच दाट जंगलात ती एक तृतीयांशाने कमी असते. ३,१०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६८ टक्के असतो, तळ्याच्या उंचीवर सुमारे ६४ टक्के. वर झाडाची सावली आहे की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही.

तंदुरुस्तीचाही नाही. गटाला काळजी होती ५८ वर्षांच्या गृहस्थांची. खरं तर व्यायामाची सवय या त्रासापासून वाचवत नाही. उलट तरुण, दमदार माणूस भराभर वर पोहोचतो आणि त्रास ओढवून घेतो. सगळ्यात जास्त धोका होता तो पूर्वी उलट्या झालेल्या सदस्येला. आधी उंचीचा त्रास झालेली व्यक्ती एका दिवसात २,८०० मीटरच्या वर झोपायला गेली, तर तिची गणना जास्त जोखमीत होते. तिला डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ॲसिटाझोलामाइड ही उंचीचा त्रास टाळायची गोळी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून सुरू करायला सांगितलं आणि सल्फा औषधांची ॲलर्जी नाही ना, याची आधी खात्री केली. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला लागणं हे त्या गोळीचे नेहमीचे परिणाम आहेत. ते आधी माहीत असले म्हणजे रात्री तंबूत घाबरायला होत नाही.

अंदाज कुठल्या उंचीचा?

फोनवर पाहिलेला हवामानाचा अंदाज वस्तीचा होता: रात्रीचं किमान ९ अंश. त्यावरून स्लीपिंग बॅग ठरवल्या होत्या. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात असं धरलं, तर ३,१०० वर अडीच अंश आणि तळ्याकाठी उणे एक. कागदावर हे फार भयंकर नाही. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता आकाशात फेकते, तिच्यालगतची हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून ओघळत खोलगटात साठते. बंदिस्त खोलगटातून तिला बाहेर पडायला वाट नसते. तिथे पारा कागदावरच्या हिशेबापेक्षा कितीतरी अंश खाली जाऊ शकतो. ओढ्याकाठच्या कुरणाचंही तेच, फक्त थोड्या कमी प्रमाणात. शिवाय तिथल्या दमट हवेमुळे तंबूच्या आतल्या बाजूला पाणी धरतं आणि पहाटे स्लीपिंग बॅगवर थेंब पडतात.

दोन बॅगांवर मोठ्या अक्षरांत ‘-५’ छापलेलं होतं. आतल्या पट्टीवर पाहिलं, तर ती ‘लिमिट’ची मर्यादा निघाली आणि ‘कम्फर्ट’ होतं अधिक एक. आंतरराष्ट्रीय मानकानुसार कम्फर्ट म्हणजे प्रमाण स्त्री ज्या तापमानाला सैल पडून आरामात झोपू शकेल ते. लिमिट म्हणजे प्रमाण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढू शकेल ते. थकलेला, उंचीला न सरावलेला माणूस प्रमाण माणसापेक्षा जास्त गारठतो. बॅग निवडताना कम्फर्टचाच आकडा पाहावा, एवढं मी नेहमी आग्रहाने सांगतो. गटाने दोन बॅगा बदलल्या आणि प्रत्येकाच्या फुगवायच्या मॅटखाली एक फोमची मॅट घातली. दोन मॅटचे आर-व्हॅल्यू, म्हणजे गारठा अडवण्याच्या क्षमतेचे आकडे, एकमेकांत मिळवले जातात. दाबल्या गेलेल्या बॅगेचा खालचा भाग ऊब धरत नाही, त्यामुळे जमिनीचा गारठा अडवायचं काम पूर्ण मॅटवर असतं.

तळ्याचा वाद

उंची आणि थंडी हे दोन्ही मुद्दे गटाने मान्य केले, पण तळ्याकाठची रात्र सोडायला कोणी तयार नव्हतं. ते मला पूर्ण समजत होतं. सगळी सहल त्या पाण्यात पडलेल्या ताऱ्यांसाठीच ठरवलेली होती. एक दिवस वाढवू, गरम कपडे वाढवू, पण झोपू तिथेच, असं त्यांचं म्हणणं.

निर्णय फिरला तो एका प्रश्नावर. रात्री दोन वाजता एखादा बोलताना अडखळायला लागला, सरळ रेषेत टाच-चवडा लावून चालू शकला नाही, तर त्याला खाली कसं नेणार? ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. पडल्या पडल्या धाप लागणं, छातीत घरघर, थांबत नसलेला खोकला ही फुप्फुसात पाणी साठण्याची लक्षणं. या दोन्हींवर खरा उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब उतरणं, शक्यतो किमान तीनशे ते हजार मीटर. सकाळ होईपर्यंत थांबायचं नसतं. आणि तळ्यापासून खाली जायचं तर आधी ११० मीटर वर चढायचं होतं, दगडगोट्यांतून, अंधारात, ज्याला चालता येत नाही अशा माणसाला घेऊन. फुप्फुसात पाणी साठलेल्या माणसासाठी तो चढच जीवघेणा ठरू शकतो.

नकाशावरच्या उंचीच्या रेषांवर बोट ठेवून ही वाट आम्ही एकदा मागे-पुढे पाहिली. त्यानंतर वाद राहिला नाही. सोंडेवरच्या ३,१०० मीटरच्या सपाटीवरून मात्र वाट कुठेही वर न चढता सरळ २,६५० पर्यंत उतरते, दिवसा ती पायाखालून गेलेली असते आणि हेडटॉर्चच्या उजेडात चालता येते. मुक्कामाची जागा मंजूर करताना मी इतर सगळ्याच्या आधी ही परतीची वाट पाहतो. नकाशात ती दिसत असते, पण बहुतेकांचं लक्ष वर जाणाऱ्या रेषेवर असतं.

नवा आराखडा असा ठरला: पहिली रात्र २,१०० वर, दुसरी २,६५० वर, तिसरी आणि चौथी दोन्ही ३,१०० वर. तळं चौथ्या दिवशी जाऊन-येऊन. एक रात्र वाढली, सॅकमध्ये एका दिवसाचं अन्न वाढलं, पण सलग दोन मुक्काम एकाच जागी असल्याने एक पूर्ण दिवस हलक्या पाठीने चालायला मिळाला.

वेळेचा हिशेब स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांच्या १८९२ च्या नियमावर केला: पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सपाटीपासून कडेवरून तळं पाच किलोमीटर, चढ ६६० मीटर, म्हणजे दोन तासांच्या थोडं वर. विरळ हवेसाठी त्यात निम्मे वाढवून तीन तास धरले. पहाटे साडेपाचला निघायचं, नऊच्या आत पोहोचायचं, दहाच्या आत परत फिरायचं आणि दुपारी बाराला झाडीत असायचं. उन्हाळ्यात डोंगरावर दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात आणि ती उघडी कड ही विजेच्या वेळी असायची सगळ्यात वाईट जागा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आलेलं असतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत उघड्यावर यायचं नाही, हेही ठरवून घेतलं.

सपाटीवर नेमकं कुठे

३,१०० ची सपाटी चांगली लांब-रुंद आहे. तंबू कुठे लावायचा हे तिथे पोहोचल्यावर, उजेड असतानाच, दहा-पंधरा मिनिटं फिरून ठरवायचं होतं. त्यासाठी काय पाहायचं ते सांगून ठेवलं.

आधी वर पाहायचं. जंगलातल्या मुक्कामाला सगळ्यात मोठा धोका उभ्या वाळलेल्या झाडांचा आणि अडकून लोंबणाऱ्या फांद्यांचा असतो, आणि वारा नसतानाही त्या पडतात. साल सुटलेलं खोड, शेंड्याला सुया नाहीत, बुंध्याशी अळंब्या, यांपैकी काहीही दिसलं तर त्या झाडाच्या उंचीपेक्षा जास्त लांब जायचं. जळालेल्या किंवा किड्याने मारलेल्या झाडीत तंबू लावायचाच नाही. स्प्रूससारख्या झाडांची मुळं उथळ पसरतात. एखाद-दुसरं झाड मुळासकट उलटलेलं दिसलं, तर शेजारची झाडंही वाऱ्यात तशीच जातील असं धरावं. वाळकं झाड नसलेली, सारख्या उंचीच्या निरोगी झाडांची जागा शोधायची. सगळ्यात उंच, एकट्या झाडाखाली नको आणि मोकळ्याच्या मधोमधही नको. झाडांचं छत रात्री जमिनीची उष्णता थोडी अडवतं, त्यामुळे फांद्यांखाली दव आणि हिमकण कमी धरतात.

मग खाली. पावसाचं पाणी कुठून वाहतं ते सुयांच्या थरावर उमटलेल्या रेषांवरून कळतं. जनावरांची पायवाट, ओरखडलेली खोडं, ताजी विष्ठा असेल तर जागा बदलायची. पाण्यापासून किमान साठ मीटर अंतर ठेवायचं, शौचालाही तेवढंच. अस्वलांचा वावर असलेल्या जंगलात स्वयंपाक, अन्नसाठा आणि झोपण्याची जागा एकमेकांपासून शंभरेक मीटर दूर हव्यात. टूथपेस्टपासून कचऱ्यापर्यंत वास येणारं सगळं जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर लांब टांगायचं, नाहीतर अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवायचं. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको.

शेकोटी आराखड्यातून काढून टाकली आणि याबद्दल मी कुठलीही सूट दिली नाही. झाडांच्या वरच्या सीमेजवळ मनगटाएवढ्या जाडीचं खोड शंभर वर्षांचं असू शकतं. पडलेलं लाकूड तिथे अतिशय सावकाश कुजतं आणि त्याच लाकडात पुढच्या रोपांचं पोषण असतं. सुयांच्या थराखाली शिरलेली आग दिवसेंदिवस आत धुमसत राहून दुसरीकडे वर येऊ शकते. पाच माणसांच्या एका संध्याकाळच्या उबेसाठी असं जंगल वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

चूल, पाणी, संपर्क

३,१०० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे आख्खी कडधान्यं यादीतून काढली आणि गरम पाण्यात भिजवून होणारं अन्न घेतलं. गॅसचा डबा फक्त ब्युटेनचा होता. ब्युटेन थंडीत नीट वायुरूप होत नाही, म्हणजे गारठलेल्या पहाटे डबा भरलेला असूनही चूल नीट पेटत नाही. त्याऐवजी आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचे डबे घेतले. चूल तंबूत पेटवायची नाही, पाऊस असला तरीही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच वाटते. दोन हजार मीटरच्या वर पिण्याचं पाणी खळखळून तीन मिनिटं उकळायचं. फिल्टर घेतला होता तो पोकळ तंतूंचा. एकदा आतलं पाणी गोठलं की तंतू फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून तो रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवायचा.

वस्तीच्या पुढे फोन चालत नाही. कोणत्या रात्री कुठे असणार आणि कधीपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा, हे लिहून घरच्या एका माणसाकडे ठेवलं. ज्या देशांत कायद्याने परवानगी आहे तिथे उपग्रहावरून संदेश देणारं यंत्र जरूर घ्यावं.

प्रत्यक्ष काय झालं

ज्या दोघांची काळजी होती त्यांना काही झालं नाही. तिसऱ्या संध्याकाळी, ३,१०० वर, डोकं दुखायला लागलं ते तिशीतल्या, सगळ्यात पुढे चालणाऱ्या सदस्याचं. प्रत्येक जेवणाआधी लेक लुईस प्रश्नावलीतले चार प्रश्न एकमेकांना विचारायचे असं ठरलं होतं: डोकेदुखी, पोट, थकवा, चक्कर, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी धरून एकूण तीन किंवा जास्त झाले की तो उंचीचा त्रास समजायचा. २०१८ च्या सुधारणेत झोपेचा प्रश्न या यादीतून काढला गेला, कारण उंचावर झोप अनेकांची बिघडते. डोकं दुखणाऱ्या त्या सदस्याचे गुण चार आले. तो तोंडाने ‘‘काही नाही, होईल ठीक’’ म्हणत होता, पण कागदावरचा आकडा सगळ्यांसमोर होता.

नियम सरळ होता: लक्षणं असताना वर जायचं नाही, वाढली तर उतरायचं. रात्रभर तंबूतल्या सोबत्याने दर दोन तासांनी त्याला उठवून पाहिलं. मधूनच श्वास काही सेकंद थांबून पुन्हा जोरात सुरू व्हायचा. उंचावरच्या झोपेत असं होतंच, हे आधी सांगितलेलं असल्याने कोणी घाबरलं नाही. सकाळी गुण दोनवर आले. तो आणि ज्येष्ठ गृहस्थ सपाटीवर थांबले, बाकीचे तिघं तळ्यावर जाऊन आले. अकराला कडेमागून ढग वर आले. तिघं पावणेबाराला झाडीत पोहोचले आणि दीडच्या सुमाराला गारा सुरू झाल्या. मूळ बेतात तळ्याकडे चढायच्या दिवशी असं झालं असतं, तर त्या वेळी पाचही जण तंबू आणि पूर्ण सामानासह उघड्या उतारावर असू शकले असते, त्यांतला एक आजारी.

संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं पूर्ण थांबलं. पाचव्या दिवशी सगळे आपल्या पायांनी खाली आले.

गट पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जाणार आहे आणि तळ्याकाठी एक रात्र काढायचा विचार अजून आहे. त्यासाठी आम्ही अटी लिहून ठेवल्या आहेत. ३,१०० वर सलग दोन रात्री आणि दुसऱ्या सकाळी पाचही जणांचे गुण शून्य. तंबू तळ्याकाठच्या खोलगटात न लावता कडेच्या अलीकडे, शेवटच्या झाडांमध्ये ३,५५० मीटरच्या आसपास, जिथून वाट फक्त उतरते. कम्फर्ट उणे सात किंवा त्याहून खालच्या बॅगा. पुढच्या चोवीस तासांच्या अंदाजात गडगडाटी ढग नसणं. यांतली एकही अट चुकली, तर मुक्काम सोंडेवर. शेवटच्या झाडांमधल्या जागेवरून कड ओलांडून तारे पाहायला जाऊन परत येता येईल. शेवटच्या झाडांमधली ती जागा तंबू लावण्याजोगी सपाट आहे का, हे मात्र नकाशावरून ठरत नाही. ती दिवसाउजेडी जाऊन पाहायचं काम दोघांनी अंगावर घेतलं आहे.